पदरावरची दोन बोटं

दुपारचं जेवण झालं की मी मोरीशी फरशीवर आडवी होते. तिथे गार लागतं. उद्या कोर्टात तारीख आहे. वकील म्हणाले, उलटतपासणी आहे बाई, डोकं शाबूत ठेवा. म्हणून डोळे मिटते. गॅलरीत कुणीतरी पापड उलटतंय, त्याचा आवाज येतो, मग येत नाही.

नाना खाटेवर बसलेत. माझे वडील. त्यांना जाऊन अकरा महिने झालेत हे मला ठाऊक आहे. त्यांनाही असावं, कारण ते माझ्याकडे बघत नाहीत. बंडीच्या खिशातून तपकिरीची डबी काढतात.

"कुंदे, चहा टाकतेस?"

"आधी सांगा, रेशनकार्डावरून माझं नाव का काढलंत?"

ते चिमूट नाकाशी नेतात. माझगावच्या या खोलीत मी जन्मापासून राहतेय, बावन्न वर्षं. भाडेपावती नानांच्या नावावर. भाडेकरू गेला की त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे खोलीचा हक्क येतो, असा कायदा आहे. सोबत मीच होते. त्यांचं पथ्य, डोळ्यांचं ऑपरेशन, शेवटी शेवटी अंघोळसुद्धा मीच बघितली. धाकटा भाऊ दिगू लग्न करून बदलापूरला गेला, तो गणपतीला तेवढा उगवायचा. पण नानांच्या कार्डावर नाव दिगूचं आहे. माझं चिपळूणच्या आत्याच्या कार्डावर.

"आत्याचं रॉकेल बंद होत होतं ना," नाना म्हणतात. "एकट्या बाईच्या कार्डावर देईनात."

मी चहाला उठते, तर ओट्याच्या जागी रेशनिंग ऑफिसची खिडकी आहे. आम्ही दोघं रांगेत उभे. माझ्या हातात अर्ज. नानांचा हात थरथरायचा, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. 'माझी मुलगी कुंदा चिपळूण येथे कायमची राहावयास गेली असल्याने...' वेलांट्यासुद्धा काय सुरेख काढल्यात मी! खाली नानांची वाकडी सही. हाच कागद दिगूच्या वकिलाने कोर्टात लावलाय.

"चार महिन्यांनी नाव परत आणू म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"आत्या गेली, तरी आणलं नाहीत."

रांग सरकते आणि संपते ती दिगूच्या बदलापूरच्या हॉलमध्ये. नाना सोफ्याच्या टोकावर पाहुण्यासारखे टेकलेत.

"मालक चाळ पाडून टॉवर बांधणार, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"दिगूला माहीत होतं. म्हणाला, ताईचं नाव असलं तर पुढे कटकटी होतील." डबी उघडतात, मिटतात. "मला वाटलं, तो तुला ठेवून घेईल."

"ठेवून घेईल? मी काय पाण्याचं पिंप आहे?"

मला रडू येतं, आणि रडू आल्याचा आणखी राग येतो. "मला एकदा विचारायचं होतंत, नाना. मी दिलीही असती खोली. माझ्याच हाताने मला खोट्यात का पाडलंत?"

ते डबी बंडीच्या खिशात टाकतात. आता आम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहोत, दोघंही, खेटून. मी त्यांच्यापुढे कागद आणि पेन धरते.

"लिहून द्या. कुंदा माझ्यापाशी राहत होती. बस, एवढंच."

नाना पेन घेतात. ते बोटांत थरथरत राहतं. मग मला परत देतात.

"हात चालत नाही गं, कुंदे. मी सांगतो, तू लिही."

"नाही," मी म्हणते. "आता नाही लिहिणार."

त्यांना शिंक येते. रुमाल त्यांनी जन्मात कधी वापरला नाही. नेहमीसारखा माझा पदर ओढतात, त्याला बोटं पुसतात.

जाग येते तेव्हा पापड अजून उलटतायत. मी उठून बसते आणि पदर सावरते. पदरावर दोन बोटांचे तपकिरी डाग आहेत. वास घेऊन बघते. ती डबी मी तेराव्यानंतर कचऱ्यात टाकली होती, घरात चिमूटभर तपकीर नाही.

सोबत राहत होतात याचं काही दाखवायला आहे का, असं वकील मला तीनदा विचारून चुकलेत. हे आहे, पण हे कोर्टात लावता येत नाही.

खोली दिली दिगूला, आणि बोटं पुसायला मात्र माझा पदर.