पाच अंगठे आणि एक घसा

"गेरू आणा. केव्हाचा सांगतोय, कान फुटले का सगळ्यांचे?"

मॅनेजरसाहेब ओरडत होते. आमच्या नंदुरबारच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, वाफेचं इंजिन होतं, पण साहेबांनी घसा उघडला की ते इंजिन लाजून हळू चालायचं. एकदा तर त्यांच्या ओरडण्याला शिट्टी समजून नवापूरला उभी असलेली सुरतेची गाडी वेळेआधी सुटली. हे मी शपथेवर सांगतो. शपथ कुणाची, ते विचारू नका.

गेरू हवा होता रनाळ्याच्या हिरामण आप्पांच्या बैलगाडीसाठी. कापसात भेसळ सापडली, म्हणजे लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा मिसळला, की आमच्या जिनात त्या गाडीच्या साटीच्या फळ्यांवर गेरूची भली मोठी फुली मारत. फुलीची गाडी भर बाजारातून परत जायची. मग हंगामभर कुठलंच जिन तिला फाटक उघडत नसे. आप्पांचं दुखणं त्याहून मोठं होतं. त्यांनी नव्या जातीचं बी लावलं होतं आणि पुढच्या पेऱ्याला अर्धं रनाळं त्यांच्याच घरचं बी नेणार होतं. फुली लागली असती तर माणूस गावात खोटा ठरला असता.

"मन्हा कापूस एकच जातना शे, साहेब," आप्पा गाडीपुढे उभे राहून म्हणाले. "वेचनी मन्हा घरन्या बायास्नी करेल शे. भेसळ कोठून येई?"

"पंच सांगतील," साहेब म्हणाले.

आता हे पंच म्हणजे काय, ते सांगतो. वादाची गाडी आली की पाच जण सॅम्पल बघत. पहिले साहेब, मग दलाल छगनशेठ, मग इंजिनाचा फिटर, मग काट्यावरचा तोलार दगा आणि शेवटी मी. मी सिलेक्टर, म्हणजे कापूस हाताने पारखणारा. खरं तर पारखायचा पगार मला एकट्यालाच होता, पण पगार सगळ्यांत कमी म्हणून पाळीही शेवटची. सरकीवरून चिमूटभर झुपका सोडवायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ओढायचा, ओढलेलं एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचं. तंतू सरळ झाले की कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवून लांबी बघायची. या लांबीला स्टेपल म्हणतात. माझ्या अंगठ्याची ख्याती अशी, की बैलाच्या शेपटीला हात लावून मी त्याचं वय सांगत असे. एकाही बैलाने कधी तक्रार केली नाही.

साहेबांनी झुपका घेतला आणि खसकन ओढला. तिथेच घोळ झाला. आमच्याकडे फाल्गुनातल्या दुपारी हवा इतकी कोरडी, की थुंकी जमिनीवर पडेपर्यंत वाळते. अशा हवेत रुईला तोंडाची वाफ देऊन सबुरीने ओढावं लागतं. हिसका दिला की तंतू तुटतात, आणि तुटलेला लांब तंतू आखूडच दिसतो.

"आखूड. भेसळ," साहेब म्हणाले.

छगनशेठनी हळुवार ओढला. बाहीवर ठेवला. मला तिथूनही लांबलचक तंतू दिसले. शेठनी साहेबांकडे पाहिलं.

"आखूडच छे, साहेब."

फिटर म्हणाला, "आखूड." दगाने तर झुपका नीट उलगडलासुद्धा नाही. "आखूड शे."

माझी पाळी आली. खोटं कशाला सांगू, तीन हंगाम मीही अशीच मान डोलावत आलो होतो. चार माणसं एकच सांगतात तेव्हा आपल्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. वाटतं, बाहीच वाकडी असेल. शिकलेले लोक याला समूहाचा दाब म्हणतात. आम्ही त्याला साहेबांचा घसा म्हणायचो. पण त्या दिवशी मी झुपक्याला वाफ दिली, ओढला, आणि तंतू असे निघाले की एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला शहादा. गेरूचा डबा आलाच होता. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. माझ्याकडून त्यांना काही आशाच नव्हती. त्याचा मला राग आला.

"लांब," मी म्हणालो. "भेसळ नाही."

साहेब माझ्याकडे वळले. इंजिन चालू होतं, पण ऐकू येईना.

"काय म्हणालास?"

"लांब, साहेब. पुन्हा विचारलंत तरी लांबच."

"आम्ही चौघं आंधळे?"

"चौघं नाही. आपण आधी बोललात. बाकीच्यांनी कापूस नाही, आपलं तोंड बघितलं."

फिटरने मान खाजवली. "तसा... मध्यम म्हणता येईल," तो पुटपुटला. एक जण वेगळं बोलला की दुसऱ्याला लगेच कंठ फुटतो, हे मी तेव्हा पाहिलं.

"नोकरी नकोय वाटतं तुला," साहेब म्हणाले.

"हवीय. म्हणूनच काम करतोय. एकेकाने त्या रुईच्या गठाणीमागे, त्या मोठ्या गासडीआड जायचं. एकट्याने सॅम्पल ओढायचं. लांब वाटला तर तळहातावर कोळशाची एक रेघ, आखूड वाटला तर दोन. मुठी सगळ्यांनी एकदम उघडायच्या. लांब ठरला तर गेरू नाही. आखूड ठरला तर आधी माझ्या पाठीवर फुली मारा."

फाटकाशी चाळीस गाड्या खोळंबल्या होत्या. मी चारशे सांगत असतो. एवढ्या लोकांदेखत साहेबांना नाही म्हणता येईना.

मुठी उघडल्या. माझ्या हातावर एक रेघ. फिटरच्या एक. दगाच्या एक. छगनशेठच्या तळहातावर एक रेघ होती, आणि दुसरी काढून पुसलेली. साहेबांनी मूठ उघडलीच नाही. हात खिशात घालून ते ऑफिसात गेले.

आप्पांनी गेरूचा डबा स्वतः उचलून फाटकाबाहेर ठेवला. "गाडी आत ली जाऊ ना, भाऊ?" एवढंच मला विचारलं. गाडी आत गेली.

दुसऱ्या दिवशी माझी बदली सरकीच्या गोदामात झाली. तिथल्या धुळीत मी हंगामभर मराठी, गुजराती आणि अहिराणी अशा तीन भाषांत खोकलो. पण मुठीची पद्धत जिनात राहिली, कारण गाडीवाले तीच मागू लागले. मी शिकलो ते इतकंच: माणसाला दिसतं बरोबर, फक्त त्याला साहेबांच्या आधी विचारावं.

एकदा गोदामाशी दगा विडी ओढत बसला होता. मी विचारलं, "दगा, सगळ्यांसमोर आखूड म्हणालास आणि हातावर लांब काढलंस. असं का रे?"

त्याने राख झटकली.

"गठाणना मांगे माले कोन दखी ऱ्हायंता?"