पाइलच्या तळाशी

वर्तमानपत्राच्या कचेरीत न छापलेल्या बातम्या साचतात, तसे त्यांचे किस्सेही साचतात. आमच्या कोल्हापूरच्या कचेरीत तर त्यांना हक्काची जागा होती: वृत्तसंपादक अण्णांच्या टेबलाचा डावा कोपरा. नाव 'पाइल'.

शब्दकोशात पाइल म्हणजे ढीग. आमच्याकडे "पाइलला टाक" म्हणजे आज नाही, उद्याही बहुधा नाही, पण तोंडावर नाही म्हणायचं नाही! एखादी जाहिरात ऐनवेळी रद्द झाली की पाइलमधली बातमी लावून पान भरायचं. तीही सगळ्यात वरची. खालची उपसायला वेळ कुणाला? त्यामुळे कालची छापून यायची आणि महिन्यापूर्वीची आणखी खाली जायची. कधी ढीग घसरला, तरच एखादी शिळी वर येऊन छापली जायची.

* * *

पेठ वडगावच्या एका व्यापाऱ्याच्या 'प्रकृतीत सुधारणा' झाल्याची बातमी आम्ही छापली, त्या दिवशी त्याच्या घरी बाराव्याचं जेवण होतं. डोकं भादरलेला मुलगा अंक घेऊन कचेरीत आला. अण्णा शांतपणे म्हणाले, "पावणं, बातमी दिली तेव्हा सुधारणा होतीच की!"

* * *

शिरोळला पूर आला. कमरेइतक्या पाण्यातून जाऊन मी फोनवर बातमी सांगितली: नदीकाठच्यांनी जनावरं हलवावीत. छापून आली पाणी ओसरल्यावर! सकाळी एका वाचकाचा फोन आला. "सायेब, आता मेलेली हलवतोय. ती चालतील न्हवं?"

* * *

एक बातमी मात्र कधीच पाइलला गेली नाही, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची. मी भांडायला गेलो. कोडोलीकडच्या एका वाडीत शाळेची भिंत फुगली होती. मुलांना समाजमंदिरात बसवा, अशी मागणी वसंत कांबळे या पालकानं केली होती. त्याची मुलगी सुनीता तिथं चौथीत होती. माझी ती बातमी पंधरा दिवस पडून होती.

अण्णा म्हणाले, "वाढदिवस उद्या शिळा होतो. तुझी भिंत कुठं पळून जातीय?"

* * *

वसंत गुऱ्हाळावर कामाला होता. दर सोमवारी खाडा करून यायचा.

"सायेब, आमची बातमी?"

"पाइलला आहे," अण्णा मान वर न करता म्हणायचे.

"म्हंजे नंबरात हाय की!" म्हणत तो समाधानानं जायचा. त्याला खरं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

एकदा मीच ती बातमी उपसून वर ठेवली. संध्याकाळपर्यंत तिच्यावर सात सत्कार आणि दोन उद्घाटनं येऊन पडली.

* * *

मग भिंत पडली. सुनीता गेली.

मी वाडीकडे निघालो होतो. अण्णांनी त्या दिवशी प्रथमच अख्खी पाइल जमिनीवर उलथली. "बातमी तयार आहे की! 'धोकादायक' काढा, 'कोसळली' घाला. पहिलं पान!"

उपसंपादकानं तेवढेच शब्द बदलले. खालचं कुणी वाचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी वसंत आला. हातात अंक होता. अण्णांनी उठून खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. त्यानं अंक टेबलावर पसरला आणि बातमीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: 'मुलांना समाजमंदिरात बसवावे, अशी मागणी पालक वसंत कांबळे यांनी केली आहे.'

"गुरुजींनी वाचलं," तो म्हणाला. "कालपासनं पोरं समाजमंदिरात बसत्यात. लगेच गुण आला बघा, सायेब."