शंकऱ्याच्या सात पिढ्या

माझ्याच तोंडानं माझं नाक कसं कापलं, ऐकायचंय? मंग बसा. पर मधी हसायचं न्हाय, मला राग लवकर येतो. हसायचं ते शेवटी हसा.

वर्ल्ड कप यायचा व्हता आन् आमी कतारात स्टेडियमच्या भिंती उभ्या करत व्हतो. मी गवंडी. शाळा चौथीपतूर. पर भिंत बघा माझी! ओळंब्याच्या दोरीला लाज वाटंल अशी सरळ.

तर क्यांपात माझ्या खोलीत शंकर पळशीकर आला. ह्योबी गवंडी, सोलापूरकडचा, माझ्यापरीस धा-बारा वर्सांनी ल्हान. साईटवर आल्या आल्या मी बांधलेल्या स्टोररूमच्या भिंतीकडं बघून म्हणतो कसा, "राणूभाऊ, वरच्या थराला जरा पोट आलंय."

माझ्या भिंतीला पोट! डोकं असं तापलं, त्याच्यावर भाकरी भाजली असती.

"शंकऱ्या, तुझ्या सात पिढ्यांत कुणी ओळंबा धरलाय का रं?"

"आमी पिढीजात गवंडी हाय."

"तू? आन् पिढीजात? अरं, पळशी माझं गाव! आडनावसुदिक आमच्या गावाचं चोरून लावलंस!"

"चोरून कशाला? आमचं म्हातारं सांगायचं की..."

"तुझं म्हातारं चिखल कालवत असंल, चिखल!"

मंग काय, रोज तेच. बसमदी तेच, जेवताना तेच. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याबिगर मला घास जाईना.

आमच्या साईटवर नाशिकचे एक इंजिनियर सायब व्हते, दोहातल्या अल मुंतझा भागात ऱ्हायचे. त्यांना जुने मोडी कागद वाचायचा नाद. आमचं भांडण ऐकून ते म्हणाले, "राणबा, पूर्वी सरकारनं खानेसुमारी केली होती. घरोघरी जाऊन माणसं लिहून घेतली. घरात कोण, धंदा काय, मूळ गाव कुठलं. काही गावांचे कागद अजून आहेत."

"सायब, पळशीचे बघाच!"

त्यांच्या मेव्हण्यानं तिकडून, सरकारी दप्तरातनं, कागदांचे फोटो पाठवले. सायबांनी चष्मा वर केला आन् वाचलं, "राणू बिन धोंडी. धंदा गवंडी. मुलगे दोन, धोंडी आणि येसू."

अंगावर सर्रकन काटा आला. पोरगा धोंडी म्हंजे माझा पणजा, आन् हा राणू त्याचा बाप! आमच्यात आज्याचं नाव नातवाला ठेवत्यात. म्हणून राणू, धोंडी, राणू, धोंडी, राणू. शेवटचा मी! त्या कागदात माझं नाव, माझा धंदा. सांगा, छाती फुगंल का न्हाय? अरबांतबी 'बिन' म्हंजे अमक्याचा पोरगा, म्हणून 'राणू बिन धोंडी' ऐकून आमचा इजिप्तचा फोरमन तर मला शेख म्हणाय लागला!

"आणि धाकट्या येसूचं काय झालं?" सायबांनी इचारलं.

"त्यो भावाशी भांडून परागंदा झाला. मेला असंल कुटंतरी. सोडा त्याला."

इथंच मी माती खाल्ली बघा.

क्यांपात आलो ते वरातीतल्या नवरदेवावानी. शंकर म्हणाला, "राणूभाऊ, माझ्या गावचंबी बघाय सांगा की."

"सांगतो की! तुझ्या कागदात गवंडी निघाला तर समद्यांदेखत तुझ्या पाया पडंन!"

"शब्द?"

"शब्द! आन् एका राणूचा न्हाय, तीन राणूंचा!"

त्या शुक्रवारी सुट्टीला आख्खी खोली घेऊन एशियन टाउनला, कामगारांच्या बाजारात गेलो. समद्यांना करक चहा, तिथला कडक दुधाचा, माझ्याकडनं. शंकऱ्याची फजिती काय कोरड्या तोंडानं बघायची?

सायब आले. मोबाइल काढला. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा शंकरकडं.

"शंकर, हा तुझा आजोबा. येसू बिन राणू. धंदा गवंडी."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी वरडलो, "थांबा! येसू आन् राणू गावोगाव पडल्यात!"

"राणबा, पुढं ऐका. मूळ गाव, पळशी."

माझ्या हातातला चहा पँटीवर.

शंकर गरीबावानी म्हणाला, "मी हेच सांगत व्हतो. म्हातारं गाव सोडून आलं म्हणून पळशीकर. तुमी बोलू कुटं देता?"

"म्हणजे," सायब म्हणाले, "तुमच्या पणजोबांच्या धाकट्या भावाचा हा नातू. शंकर नात्यानं तुमचे चुलते."

चुलते! काल मी ज्याला चपलीनं मारायला निघालो व्हतो, ते!

"पडा पाया! यल्ला, यल्ला!" पोरं बोंबलाय लागली. पडलो. काय करता? चुलत्यानं डोक्यावर हात ठेवला, "औक्षवंत हो, पोरा."

उठता उठता डोक्यात उजेड पडला. मी इतके दिस ज्याला शिव्या घातल्या ते चिखल कालवणारं म्हातारं माझ्याच घरातलं! त्या सात पिढ्या माझ्याच!

पर खरं सांगू? वाईट न्हाय वाटलं. भांडून तुटलेलं घर पार कतारात येऊन एका परांचीवर उभं राह्यलं. समदं जग मॅच बघाय येणार, आन् भिंत कुणाची? राणूच्या घराण्याची!

दुसऱ्या दिवशी स्टोररूममदी कुणी न्हाय बघून मी गुपचूप ओळंबा सोडला.

पोट व्हतं. चांगलं बोटभर.

मागनं आवाज आला, "राणू." चुलता दारात उभा. मी मान खाली घातली. त्यानं इकडं तिकडं बघितलं, दार लावलं आन् हळूच म्हणाला, "प्लास्टर जरा जाड मारू. घराण्याचा प्रश्न हाय."