केसपेपरवर लिहायचं राहिलेलं

जनावरांच्या दवाखान्यात किस्से साठतात ते गोठ्यातल्या शेणासारखे. आज सगळं उचलून टाका, उद्या सकाळी पुन्हा आहेच! माणसांच्या डॉक्टरांचं बरं असतं, त्यांचे पेशंट स्वतः बोलतात. आमचे बोलत नाहीत. म्हणून त्यांच्या वाटचं आम्ही बोलतो, ओपीडी आटोपल्यावर, दुपारच्या चहाला.

आमचा दवाखाना वर्ध्याबाहेर, सावंगीच्या रस्त्यावरून थोडा आत. साडेपाच वर्षांची डिग्री आणि वर दोन वर्षांचं एम.व्ही.एस्सी. करून बसलेले आम्ही चार स्पेशालिस्ट. इंगोले सर गाभण जनावरांचे आणि प्रसूतीचे, तेच आमचे प्रमुख. प्रज्ञा मून पॅथॉलॉजीची, म्हणजे मेलेलं जनावर कशानं मेलं ते सांगणारी. तेजस राठी एक्स-रे आणि सोनोग्राफीवाला. आणि मी भूल देणारी. पाचवे रामभाऊ ड्रेसर. डिग्री नाही, पण आमच्या चौघांच्या डिग्र्या त्यांच्या पट्टीत गुंडाळता येतील.

दरवर्षी इंटर्नशिपची नवी बॅच येते आणि विचारते, "मॅडम, पुढे कशात स्पेशलायझेशन करू? स्कोप कशात आहे?"

स्कोपचं मला माहीत नाही. आम्ही आपापल्या विषयात कसे येऊन पडलो, तेवढं सांगता येईल.

*

इंगोले सरांचं पहिलं पोस्टिंग आष्टी तालुक्यातलं. नवी सरकारी नोकरी, नवी मोटरसायकल. एका बाईची म्हैस अडली म्हणून बोलावणं आलं, सर भर दुपारी पोचले. खांद्यापर्यंत हात घालून तपासलं. रेडकाचं तोंड हाताला लागलं.

रेडकू जिवंत आहे का हे बघायची साधी रीत आहे, त्याच्या तोंडात बोट घालायचं. जिवंत असेल तर ते चोखतं.

सरांनी बोट घातलं. ते चोखलं गेलं. जोरात, दोनदा.

"जिवंत आहे!" सर ओरडले. त्या बाईनं हात जोडले.

तासभर खटपट करून सरांनी रेडकू बाहेर ओढलं. ते मेलेलं होतं. आत्ता नव्हे, किमान तीन दिवसांपूर्वी. अंगावरचे केस हाताला लागून निघत होते.

"तुमी तं जिवंत म्हणलं होतं जी?" बाई म्हणाली.

जुळं असेल म्हणून सरांनी परत हात घातला. आत काही नव्हतं.

त्यानंतर सरांनी स्टडी लीव्ह टाकली आणि त्याच विषयात एम.व्ही.एस्सी. केलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पोटातलं वासरू जिवंत आहे हे कसं ओळखाल?"

सर आपल्या बोटाकडं बघत राहिले.

"अहो, तोंडात बोट घालायचं! एवढंही येत नाही?"

"येतं सर," इंगोले सर म्हणाले, "पण ते खरं नाही."

*

प्रज्ञाला सर्जरी करायची होती. मार्क असे, की कोणत्याही कॉलेजनं बोलावून सीट दिली असती.

इंटर्नशिपमध्ये तिची पोस्टमॉर्टेमला ड्यूटी होती. नाचणगावचे एक म्हातारेबुवा आपला मेलेला कुत्रा धोतरात गुंडाळून घेऊन आले. "हा कायनं मेला ते पाहून सांगा," म्हणाले. प्रज्ञानं हातमोजे चढवले, तर म्हातारा म्हणाला, "डाव्या बाजूनं पाहा जी. अठी." आणि त्यानं बोट ठेवलं ते स्वतःच्या छातीवर, गळ्याच्या डाव्या हाडाच्या जरा खाली.

तिनं कुत्रा उघडला. गाठ होती, डाव्या फुफ्फुसात, बरोबर तिथंच.

"रिपोर्ट कवा भेटन?"

"तुकडा तपासायला जातो बाबा. पंधरा दिवस लागतील."

"लय झाले," म्हातारा म्हणाला आणि रिकामं धोतर झटकून, घडी करून निघून गेला.

पंधराव्या दिवशी तिनं फोन लावला. मुलानं उचलला. "बाबा कालच गेले. छातीत गाठ निघाली. आम्हाले तं पत्ताच नव्हता मॅडम, त्यायनं कोणाले सांगितलंच नाई."

प्रज्ञानं विचारलं, "डाव्या बाजूला?"

पलीकडून आलं, "तुमाले कसं मालूम?"

तिनं पॅथॉलॉजी घेतली. पुढं हैदराबादच्या एका मोठ्या लॅबमधून बोलावणं आलं, तेही नाकारलं. तो रिपोर्ट अजून तिच्या ड्रॉवरमध्ये आहे. सगळे रकाने भरलेले, पेशंटच्या नावाचा तेवढा कोरा. मी एकदा म्हटलं, "अगं, नाव टाक आणि फाईल बंद कर."

"कुणाचं टाकू?" ती म्हणाली. "सांग, कुणाचं!"

*

हा छोटा आहे. रामभाऊंचा.

एका गावठी कुत्र्याच्या मांडीला टाके घातले होते. रोज ड्रेसिंगला आणा, असं मालकाला सांगितलं. मालक काही दिसेना, पण कुत्रा रोज सकाळी एकटाच येऊन रांगेत बसायचा! रामभाऊ पट्टी बदलायचे, तो निघून जायचा. चार दिवस असं चाललं. आम्ही इंटर्न लोकांना दाखवायचो, बघा, याला म्हणतात समजदार पेशंट.

पाचव्या दिवशी मालक आला, ओशाळून. "येता नाई आलं जी. इथून नेला त्याच रात्री मेला तो. बांधावर पुरला."

आम्ही सगळे रामभाऊंकडं पाहत राहिलो. रामभाऊंनी हातातली कात्री ट्रेमध्ये ठेवली. थोडा विचार केला.

"मंग त्याले सांगजो," ते मालकाला म्हणाले, "टाके काढाचे राह्यले!"

कुत्रा परत आला नाही.

*

तेजस व्यापाऱ्याचा मुलगा. तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. तो पशुवैद्यकीयला गेला तेव्हा घरात आठ दिवस कुणी बोललं नाही, आणि एक्स-रे विषय घेतला तेव्हा वडील म्हणाले, "फोटोच काढायचे होते तर लग्नाचे काढायचे!"

आमच्याकडं एक गाय आली, पोट फुगलेली. गावातल्या गाईंच्या पोटात काय काय असतं हे सांगायला नको. तेजसनं एक्स-रे काढला. खिळे, तारेचे तुकडे आणि मधोमध एक किल्ली. जुन्या पद्धतीची, लांब दांड्याची, स्वच्छ दिसत होती.

पोट उघडलं. पाटीभर प्लास्टिक निघालं, खिळे निघाले, तारा निघाल्या. किल्ली निघाली नाही. मी स्वतः तिथं होते. सरांनी कोपरापर्यंत हात घालून सगळं चाचपलं. नाही म्हणजे नाहीच.

टाके घातले, पुन्हा एक्स-रे काढला. किल्ली होती. जागेवर.

तेजस म्हणाला, मशीनचा दोष असेल. दुसऱ्या गाईचा काढला, स्वच्छ. मशीन बदलून याच गाईचा काढला, किल्ली!

शेवटी मालकाला आत बोलावून फिल्म दाखवली. किराणा दुकानवाला, पन्नाशीचा माणूस. त्यानं पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला.

"आईच्या संदुकीची आहे," तो हळूच म्हणाला. "कमरेले राहे तिच्या. कोणाच्या हाती देत नव्हती. गेली तेव्हा मीच सोबत ठेवली होती, चितेवर."

तेजस म्हणाला, "पुन्हा एकदा उघडून बघू का?"

"नको," तो उठत म्हणाला. "तिच्यापाशीच राहू द्या."

तेजसनं ती फिल्म घरी नेऊन वडिलांना दाखवली. फोटोची चेष्टा त्या दिवसापासून बंद आहे.

*

माझं म्हणाल, तर मी इथं सर्जन म्हणून आले होते. भूल देणं मला दुय्यम काम वाटायचं. सर्जन कापतो, नाव त्याचं. भूल देणारा उशाशी बसून श्वास मोजतो, आणि त्याला कुणी ओळखतही नाही.

देवळीकडचा एक शेतकरी बैल घेऊन आला, शिंगाच्या कॅन्सरचा. आमच्याकडं हा आजार खूप. सोबत जोडीतला दुसरा बैलही आणला होता. "दोघं अलग राहत नाईत मॅडम. एकटा घरी ठेवला तं दावं तोडते." दुसऱ्याला बाहेर लिंबाखाली बांधलं.

त्या दिवशी भूल द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी बसले, जरा नाराजीनंच. इंजेक्शन दिलं, बैल आडवा झाला. तेवढ्यात रामभाऊ खिडकीतून म्हणाले, "मॅडम, बाहेरचाही निजला."

"ऊन आहे, बसला असेल."

"बसला नाई. निजला. डोळ्याले बोट लावलं, पापणी हालत नाई."

मी दुर्लक्ष केलं. सरांनी शिंग कापायला घेतलं. माझ्यासमोरचा बैल छान श्वास घेत होता, मी मोजत होते. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. रामभाऊ धावत आत आले.

"मॅडम, बाहेरचा श्वास घेऊन नाई राह्यला!"

"रामभाऊ, माझा पेशंट हा आहे!"

"मी सांगून राह्यलो ते ऐका!" ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. "नळी घ्या हातात!"

त्यांचा चेहरा पाहून मी श्वासनलिकेत घालायची नळी घेतली. समोरच्या बैलाचं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी त्याचं पोट खाली गेलं ते वर आलंच नाही. नळी हातात होती म्हणून आत गेली. शोधत बसले असते तर गेला असता. दोन्ही हातांनी श्वास द्यायचा फुगा दाबत मी मोजत होते, आणि बाहेरून त्या शेतकऱ्याचं रडणं ऐकू येत होतं.

मग तो म्हणाला, "उठला! उठला!"

बाहेरचा उठला होता. तो उठल्यावर थोड्या वेळानं माझ्या बैलानं स्वतःचा श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, "सर, यापुढं मी भूलच देणार." तेव्हापासून जोडीतलं जनावर आलं, की मी दोन खुर्च्या मांडायला सांगते. एक आत, एक बाहेर.

*

आता हा शेवटचा.

औषधोपचाराच्या स्पेशालिस्टची, म्हणजे मेडिसिनची, जागा आमच्याकडं खूप दिवस रिकामी होती. एम.व्ही.एस्सी. झालेले सगळे पुण्या-मुंबईला जातात, नाहीतर परदेशात. वर्ध्याला कोण येणार? शेवटी एक अर्ज आला, डॉ. गजभिये. मुलाखतीला बोलावलं.

त्याच आठवड्यात वॉर्डात एक म्हैस होती. सहा दिवस वैरणीला तोंड लावलेलं नव्हतं. रक्त नॉर्मल. एक्स-रे नॉर्मल. सोनोग्राफी नॉर्मल. नुसती झडत चालली होती. मालकीण तिच्याजवळच बसून असायची, तीही जेवत नव्हती. "मले एकच आहे ही," एवढंच म्हणायची. त्या सकाळी सर मला म्हणाले होते, "आज काही झालं नाही तर बाईला सांगावं लागेल."

नऊच्या सुमारास एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामड्याची बॅग. "मुलाखतीसाठी का?" मी विचारलं. ते हसले. सर ओपीडीत होते, म्हणून मी म्हटलं, तोवर वॉर्ड बघून घ्या. मी वाट दाखवायला निघाले, तर ते माझ्यापुढं चालत होते. कुठं वळायचं ते त्यांना माहीत होतं.

म्हशीपाशी थांबले. स्टेथोस्कोप नाही, काही नाही. म्हशीच्या गळ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "रामभाऊ, जरा तोंड धरता का?"

रामभाऊंनी धरलं. त्यांनी जीभ बाजूला ओढली आणि खाली बोट घातलं. जिभेच्या मुळाशी नायलॉनचा बारीक दोरा गुंडाळून मांसात रुतला होता. गवताच्या पेंढीचा असणार. आम्ही चार स्पेशालिस्ट, दोन मशिनी, सहा दिवस, आणि कुणी जिभेखाली पाहिलं नव्हतं!

त्यांनी दोरा कापून काढला. म्हशीनं दोनदा तोंड हलवलं आणि समोरच्या पेंढीला तोंड लावलं. ती बाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

"हे कुठं शिकलात सर?" मी विचारलं. शरमेनं माझे कान तापले होते.

"इथंच," ते म्हणाले.

आमचा दवाखाना सुरू होऊन तेव्हा आठ वर्षंही झाली नव्हती.

त्यांनी केसपेपर मागितला, औषध लिहिलं, सही केली. मी सरांना बोलवायला गेले. परत आले तर वॉर्डात फक्त रामभाऊ.

"कुठं गेले?"

"हातपाय धुतो म्हणे." रामभाऊ नळाकडं बघत होते. नळाखालची फरशी कोरडी होती. "मॅडम, त्यायले माह्यं नाव कोणं सांगितलं?"

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. सरांनी उचलला. पलीकडं एका तरुण मुलीचा आवाज. "सॉरी सर, मी डॉ. गजभिये बोलतेय. माझी बस बंद पडली. मी उद्या आले तर चालेल का?"

सरांनी सावकाश रिसीव्हर ठेवला आणि केसपेपर हातात घेतला. सही वाचता येत नव्हती. तिच्याखाली पशुवैद्यक कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मात्र स्वच्छ होता. इंटर्नशिप संपली की प्रत्येक डॉक्टरला मिळतो तो नंबर, आयुष्यभर सहीखाली लिहायचा. सरांनी कौन्सिलच्या ऑफिसला फोन करून विचारलं, हा नंबर कोणाचा?

क्लार्कनं दोनदा नंबर विचारला. मग हसला. "कोणाचाच नाही साहेब. अजून तिथपर्यंत आलोच नाही आम्ही."

गजभिये मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या, आणि आता आमच्यातल्याच झाल्या आहेत. म्हैस दूध देते. दरवर्षी नवी बॅच आली, की पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना वॉर्डात नेते आणि जिभेखाली बोट घालून बघायला शिकवते. तो केसपेपर रामभाऊंनी मागून घेतला, पट्ट्यांच्या कपाटात ठेवलाय.

परवा मागच्या बॅचमधली एक मुलगी कौन्सिलचं नवं सर्टिफिकेट आणि पेढे घेऊन आली. रामभाऊंनी पेढा हातात तसाच धरला.

"नंबर कोणता आला बाई?"

तिनं सांगितला. रामभाऊंनी पट्ट्यांच्या कपाटाकडं एकदा पाहिलं, डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला आणि पेढा तोंडात टाकला.

"अजून सतरा बाकी आहेत," ते म्हणाले.