आंबिलीचं मडकं

माझी आई रागीट होती. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्या तेराव्याला जमलेल्यांपैकी कुणालाच ते आठवत नव्हतं. लातूरहून दिगंबरकाका आले होते. शाळेच्या ओट्यावर उभं राहून ते म्हणाले, "वहिनी म्हंजे गाय. उभ्या जन्मात कधी आवाज चढवला न्हाई." समोर बसलेल्या निम्म्या लोकांचे कान आईनं चौथीच्या वर्गात पिळले होते, तरी सगळे माना डोलावत होते. मेलेल्या बाईला गाय केलं की सगळ्यांनाच सोयीचं पडतं.

आमचं गाव अहमदपूरच्या पलीकडे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आई शिकवायची आणि आमचं रानही तीच करायची. मी सातवीत असताना बाबा गेले. तेव्हापासून रोज सकाळी शाळेआधी ती रानाला एक फेरी मारायची आणि मला दप्तरासकट सोबत न्यायची. बांधाबांधानं चालताना तिचं तोंड चालू असे. हरळीला शिव्या, रानडुकरांना शिव्या, पाढा चुकला की मला शिव्या. थंडीत मी कुरकुरले तर म्हणायची, "रानाला आन् पोराला रोज तोंड दाखवावं लागतंय. एक दिवस चुकलं की दोन्ही बिघडतेत." मग चिखलाच्या पायांनी तशीच वर्गात शिरायची.

तिच्या रागाला काम असायचं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मुक्ता नावाची तिची विद्यार्थिनी शाळेत यायची बंद झाली. आई थेट त्यांच्या रानात गेली. मुक्ताचा बाप म्हणाला, "बाई, काढणी चाललीय. माणूस मिळंना. चार रोजांनी धाडतो."

"चार रोजांनी? आज भागाकार शिकवायले मी. तो काय चार रोज थांबतोय व्हय तुझ्या पोरीसाठी?"

"पर तिची पात कोण काढंल?"

"मी काढते. इळा दे इकडं."

आणि खरंच पदर खोचून तिनं मुक्ताच्या वाटणीची ओळ शेवटपर्यंत कापली. वाकून कापता कापता त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू होता. मग पोरीचा हात धरून शाळेत आली. उशीर झाला म्हणून हेडमास्तर बोलले, तर त्यांनाही ऐकवलं, "हजेरी मांडणारे लई हायेत सर, हजर करणारं कुणी न्हाई." मुक्ता आज उदगीरला नर्स आहे. तेराव्याला आली होती. "गाय" हा शब्द ऐकून तिनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी काही बोललो नाही, आणि त्याचाच मला नंतर जास्त राग आला.

इतकी तिखट बाई वर्षातून एकच दिवस गप्प असायची. तो दिवस येळवसचा. वेळा अमावस्येला आमच्याकडे गावात माणूस उरत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, घालायची, पूजा करायची, भाज्या-दाण्यांच्या भज्जीवर आणि भाकरीवर ताव मारायचा. आणि रानाभोवती फेरा घालत पिकावर आंबील शिंपडायची. आई दोन दिवस आधीपासून चुलीपुढे असायची. येळवसच्या सकाळी काका लातूरहून गाडीनं यायचे. स्वतःचा वाटा त्यांनी केव्हाच विकून हार्डवेअरचं दुकान टाकलं होतं. तरी आमच्या रानाचा फेरा घालायचे तेच, कारण म्हणे बाईमाणसानं पिकावर शिंपायचं नसतं. मडकं वाहायला मात्र बाई चालते. आई डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन पुढं, काका हातात डहाळी घेऊन मागं. मधूनमधून त्यात डहाळी बुडवायची आणि "ओलगे ओलगे" म्हणत शिंपायचं, एवढंच त्यांचं काम. त्यावर लोक म्हणायचे, दिगंबररावांनी भावाचं रान सोडलं नाही.

कॉलेजात असताना मी एकदा तिला धरलंच. "सगळ्या गावाशी भांडतीस आन् ह्यांच्यापुढं तोंड शिवून घेतीस?"

कणीक मळता मळता ती म्हणाली, "सणाच्या दिशी रानात भांडू न्हाई. फिरू दे की त्याला. पुढं मीच असते न्हवं?"

मला ते उत्तर पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही. तो फेरा तिचा होता, तिनं मागायला हवा होता.

यंदाची येळवस तिच्याशिवाय आली. मी नांदेडहून आदल्या दिवशीच गेले. मुक्ताही आली, आम्ही दोघींनी स्वयंपाक केला. जेवणाआधी काका सगळ्यांदेखत म्हणाले, "तू तिकडं नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवायला. तुला रान कुठलं जमतंय? हे आता मी बघतो." विचारलं नाही, सांगितलं. मग आपल्या ड्रायव्हरच्या डोक्यावर मडकं दिलं आणि फेऱ्याला निघाले.

मी कोपीजवळून बघत होते. विहिरीपर्यंत ठीक गेलं. पुढे बांध पार झिजलाय आणि दोन्हीकडे ज्वारीच आहे. ड्रायव्हर बिचारा सरळ चालत राहिला. काका त्याच्या मागे शिंपत राहिले. बरंच आत गेल्यावर शेजारच्या व्यंकटमामांनी हाळी दिली, "दिगंबरराव, ते रान माझं हाय. शिंपा शिंपा, माझं काय जातंय."

लोक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं ज्या रानाचा मालक म्हणून हा माणूस मिरवला, त्याची हद्द त्याला ठाऊक नव्हती. तो फक्त आईच्या मागे चालत होता.

मी ज्वारीतून आत गेले. ड्रायव्हरच्या डोक्यावरचं मडकं उतरवून माझ्या डोक्यावर घेतलं आणि वळून आमच्या बांधावर आले. काका मागून आले. विहिरीपाशी मी थांबले आणि हात पुढे केला.

"डहाळी द्या."

"येवढं चिडायला काय झालं? तुझी माय कधी चिडली न्हाई."

सणाच्या दिवशी रानात भांडू नये. पण मी तिची मुलगी आहे.

"काका, तुम्ही माझ्या मायचं तोंड कधी बघितलंच न्हाई. तुम्ही नुसती तिची पाठ बघितली."

त्यांनी डहाळी दिली. उरलेला फेरा मी घातला. रान मीच बघते.