युरियाचं पोतं

कोडोलीच्या शिवारात गणपतरावांचं पॉलिहाऊस माझ्या उसाला लागूनच आहे. मला ते कधीच आवडलं नाही. ऊस भांगलताना, तण काढताना माणूस बांधावरच्या चार जणांशी बोलतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतो. प्लॅस्टिकच्या आत गेलेला माणूस कुणालाच दिसत नाही. आत रोग शिरू नये म्हणून दार सतत लावलेलं, त्यामुळं आम्हीही कधी डोकावत नाही. बायको गेल्यापासून गणपतराव दिवसचे दिवस आतच असतात.

ते उभं केलं त्यांच्या मुलानं, अमरसिंहानं. मातीऐवजी नारळाच्या काथ्याच्या भुश्श्यानं, म्हणजे कोकोपीटनं भरलेल्या पिशव्या, त्यात ढोबळी मिरची आणि खत ठिबकमधून. पुढं त्याला नाशिककडे फुलांच्या कंपनीत नोकरी लागली आणि तो बायकोला, क्रांतीला, घेऊन तिकडं गेला. जाताना सगळं वडिलांच्या गळ्यात घातलं. मी असंच म्हणणार, त्याला राग आला तरी.

गणपतरावांनी जन्मभर ऊस केला. पाला पिवळा दिसला की युरिया, बाळभरणीला, म्हणजे कोवळ्या उसाला पहिली माती लावताना, युरिया. मिरचीची पानं जरा फिकट वाटली तेव्हा त्यांनी मुलानं आणून ठेवलेलं कॅल्शियम नायट्रेट बाजूला सारलं आणि उसाचा युरिया टाकीत कालवला. आधी पानं गडद हिरवी झाली. म्हातारा खूश. मग शेंडे आखडले, फळांची बुडं काळी पडून सडायला लागली. फोटो बघून अमरसिंह दुसऱ्याच दिवशी हजर झाला.

तो आठवडाभर राहिला. बापलेकांनी सगळ्या पिशव्यांतून साधं पाणी सोडून कोकोपीट धुऊन काढलं. काम करता करता तो समजावून सांगायचा की मातीतले जिवाणू युरियाचं नायट्रेट करून देतात. काथ्यात ते फारसे नसतात, मग अमोनियम साचतं आणि झाडाला कॅल्शियम उचलता येत नाही. म्हणून इथं नत्र द्यायचं ते मुख्यतः नायट्रेटमधूनच. गणपतरावांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी ते रोज विचारायचे, उसाला चालतंय ते हिला का चालंना? पोरगा पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. संध्याकाळी त्यांच्या घरातून हसण्याचा आवाज यायचा, मी स्वतः ऐकलाय.

त्यानंतर मिरची अशी सुधारली की बघत राहावं. सुरुवातीला अमरसिंहाचा रोज फोन यायचा, पानं कशी आहेत, फळं कशी आहेत. मग आठवड्यातून एकदा. पुढं तोही चुकायला लागला. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

परवा गणपतरावांनी मला हाक मारून आत बोलावलं. मला नवलच वाटलं. टाकीपाशी दोन पोती तोंड उघडून ठेवलेली, एक कॅल्शियम नायट्रेटचं, एक युरियाचं. युरिया इथं कशाला, असं मी विचारलं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "गेल्या खेपंला मिरची आजारी पडली, तवा पोरगं आलतं."

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा राग आला. असल्या उभ्या पिकावर हात टाकणार का, म्हणून मी आवाज चढवला. मग त्यांनी कॅल्शियम नायट्रेट मोजून घेतलं, टाकीत टाकलं, काठीनं ढवळलं आणि युरियाच्या पोत्याचं तोंड सुतळीनं आवळून टाकलं.

मिरचीचा फोटो काढून त्यांनीच मुलाला पाठवला. थोड्या वेळानं फोन आला. आवाज मला शेजारी उभ्यानं ऐकू येत होता, पोरगा मनापासून खूश होता.

"आबा, एक नंबर. आता तुम्हास्नी माझी काय गरज न्हाय बघा."

"व्हय," गणपतराव म्हणाले आणि फोन ठेवला.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, ये म्हणून सांगायचं की त्याला. तुमच्यानं होत नसंल तर मी सांगतो, द्या तो फोन इकडं. त्यांनी फोन बंडीच्या खिशात घातला आणि वर हात ठेवला.

"काय म्हनून बोलवू?" ते म्हणाले. "मिरची चांगली आल्या, म्हनून ये?"