गोविंदाचा न आलेला अर्ज

कल्याणचे गोविंद मास्तर वारल्याची बातमी मला ठाण्याच्या कोर्टात, वकिलांच्या खोलीत, एका पक्षकाराकडून कळली. तो बिचारा आपल्या तारखेची चौकशी करायला आला होता. तारीख समजली, तशी पागोटे डोक्यावर नीट बसवीत तो म्हणाला, "बरं झालं रावसाहेब, पुढली नेमली ती. आज कल्याणास कुणाचंच मन थाऱ्यावर नाही. मास्तर गेले ना सकाळी." मी विचारले, "कोणते मास्तर?" विचारले खरे, पण उत्तर मला त्याआधीच कळले होते. आठ दिवस गोविंदा तापाने पडून होता म्हणे. कल्याण म्हणजे काही विलायत नव्हे, आगगाडीत बसले की तासाच्या आत माणूस पोहोचतो. पण मला कोणी निरोप धाडला नाही, कारण निरोप धाडावा असे नाते मी ठेवलेच नव्हते. या गोष्टीला आज सात आठवडे झाले. ज्या सभेचा मी चिटणीस आहे, तिने त्याच्यासाठी दोन ओळींचा दुखवट्याचा ठरावसुद्धा केला नाही. तो का केला नाही, हे सांगणे माझ्याकडे लागते, म्हणून हे लिहितो आहे.

लोकांचा तो गोविंद मास्तर. मला तो गोविंदा आणि त्याला मी सदू. एका पंतोजींच्या हातच्या छड्या आम्ही दोघांनी खाल्ल्या. पुढे मी ठाण्यास वकिली मांडली, तो कल्याणच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागला. आम्ही पाचपंचवीस मंडळींनी ठाण्यात सभा काढली तेव्हा नियम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि सरकारास अर्ज लिहिण्याचे त्याच्याकडे. दोघांनाही आपापले काम मनापासून आवडत होते, एवढे कबूल करतो. जिल्ह्यातल्या कुळांना राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, जंगलातून फांद्या तोडू देत नाहीत, म्हणून केलेला अर्ज त्याचा. खाडीकाठच्या आगरातले मीठ डोळ्यांसमोर असताना त्याच गावच्या माणसाला ते महाग पडते, म्हणून केलेला अर्जही त्याचाच. अक्षर मोत्यासारखे, आणि इंग्रजी असे की कलेक्टर कचेरीतले शिरस्तेदार नकला मागून नेत. यश किती आले म्हणाल तर फारसे नाही. 'अर्ज पोहोचला' अशी पोच तेवढी येई.

शनिवारी शाळा अर्धी सुटली की तो दुपारच्या गाडीने ठाण्यास येई. सभा सायंकाळची. मधल्या दोन-तीन तासांत तो काय करी, हे पहिली काही वर्षे मला माहीत नव्हते. वाटले, कुणा नातलगाकडे जात असेल. एकदा मैदानावरून चाललो होतो, तो पाहतो काय, साहेब लोकांची चेंडूफळी चालली आहे, भोवती कोपरीचे चार कोळी, दोन पट्टेवाले, एक पावविक्या अशी मंडळी उभी आहेत, आणि त्यांच्यात पगडी मागे सारून, उपरण्याने मान पुसत आमचा राबाच्या अर्जाचा कर्ता! एक कोळी त्याला विचारीत होता, "मास्तर, यो सायेब उनान धावतंय कनाला?" आणि हा वर्गात समजवावे तसे फळी, चेंडू, तीन काठ्या सगळे त्याला समजावून देत होता. मला पाहून लाजला नाही. उलट म्हणाला, "सदू, ये, अगदी वेळेवर आलास. तो उंच साहेब आता फार वेळ टिकत नाही बघ."

मी टिकलो नाही. मला ऊन सोसत नाही, आणि खरे सांगायचे तर खेळ मला कधी सोसला नाही. लहानपणी आट्यापाट्यांत मी पहिल्या पाटीवरच सापडायचो. पण मी त्याची थट्टा करी ती वेगळ्याच शब्दांत. "सकाळी साहेबाविरुद्ध अर्ज, दुपारी साहेबाला टाळ्या. पगडी एक आणि डोकी दोन का रे?" तो हसून सोडून देई. आता वाटते, त्याचे काय चालले होते ते मी कधी नीट पाहिलेच नाही. वर्तमानपत्र आले की तो ते शेवटच्या ओळीपर्यंत वाची आणि मग जेवणावरून उठून जाई. देशी पत्रांची तोंडे बांधणारा कायदा झाला तेव्हा तो आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. आम्ही इतर मंडळी सभेत तावातावाने बोलून घरी जाऊन सुखाने झोपत होतो. त्याला ते जमत नसे. मैदानावर मात्र दोन तास त्याचा चेहरा मोकळा असे. हे मी पाहिले होते आणि मला त्याचाच राग येत होता... दुसऱ्याच्या मोकळेपणाचा राग येणे हा माझा जुना रोग आहे.

मग तो शनिवार आला. पुण्याच्या एका संपादकास शिक्षा झाल्याची बातमी आदल्या दिवशी येऊन थडकली होती. गावात सुतक पडल्यासारखे झाले होते. सभा लवकर बोलवावी म्हणून मी गोविंदाला शोधायला स्टेशनकडे निघालो आणि तो मला मैदानावरच सापडला. मी पोहोचलो त्या क्षणी एका गोऱ्या अंमलदाराने पळत जाऊन, जवळजवळ आडवे पडून, चेंडू झेलला. आणि गोविंदाने टाळी वाजविली. दोन्ही हात वर करून वाजविली.

मी चारचौघांत म्हणालो, "वा! ही टाळी तुरुंगापर्यंत ऐकू गेली असेल."

त्याचे हात तसेच वर राहिले. मग हळूच म्हणाला, "सदू, काल रात्रीपासून मी पाणीसुद्धा धड प्यालेलो नाही. इथे जरा श्वास घ्यायला आलो. झेल चांगला होता, हात आपोआप उठले."

एवढ्यावर मी थांबायला हवे होते. पण मी नियम लिहिणारा माणूस! संध्याकाळच्या सभेत मीच उभा राहिलो आणि आमच्या नियमांतले एक कलम वाचून दाखविले. ज्या सभासदाचे वर्तन सभेच्या हेतूस बाध आणील त्याचे नाव पटावरून कमी करावे, आणि पुन्हा यावयाचे असल्यास त्याने स्वहस्ते अर्ज करावा. त्या दिवशी सगळेच संतापलेले होते, आणि संताप काढायला साहेब हाती लागत नव्हता. गोविंदा लागला. हात वर झाले, ठराव झाला, नाव मी स्वतः खोडले. तो शेवटच्या बाकावर बसला होता. उठला, उपरणे सारखे केले आणि सभेच्या चालू अर्जाचा मसुदा माझ्यापुढे ठेवून गेला. तो पुरा झालेला होता.

मनात म्हणालो, येईल अर्ज. आठ-पंधरा दिवस रुसेल आणि चार ओळी लिहून पाठवील, मी एका मिनिटात मंजूर करून घेईन. साऱ्या जिल्ह्याचे अर्ज लिहिणाऱ्याला आपला एक अर्ज लिहायला कितीसा वेळ लागतो? टपाल आले की मी ते अक्षर शोधी. दोन वर्षे शोधले. एकदा कल्याणास एका कामासाठी गेलो, त्याच्या आळीच्या तोंडापर्यंत गेलो आणि माघारी फिरलो. आधी अर्ज येऊ दे, असे म्हणत फिरलो. सरकार आम्हाला पोच तरी पाठवीत असे, मी त्याला तेवढेही दिले नाही.

तो गेल्यानंतरच्या सभेत मी दुखवट्याचा ठराव मांडला. आमचे अध्यक्ष वृद्ध आणि सज्जन आहेत. चष्मा पुसून म्हणाले, "रावसाहेब, दुखवटा सभासदाचा करायचा, असा आपला नियम आहे." मी म्हणालो, मग आधी त्याचे नाव पटावर पुन्हा घेऊ. तेव्हा एका तरुण वकिलाने, अगदी आदराने, माझेच कलम मला वाचून दाखविले. स्वहस्ते अर्ज. मेलेल्याचा अर्ज कुठून आणणार? मी बोललो, भांडलो, शेवटी आवाजही चढविला. त्यांचे म्हणणे एवढेच, की एकदा नियम मोडला म्हणजे पुढे धरबंध राहत नाही. हे वाक्यही मूळचे माझेच.

मग मी कल्याणास गेलो. आळीच्या तोंडाशी थांबलो नाही. वहिनींनी पाट दिला, पाणी दिले, आणि इतके दिवस का आला नाहीत असे एका शब्दाने विचारले नाही. मी खाली मान घालून ठरावाचे सांगितले. त्या म्हणाल्या, "ठरावाचं राहू द्या, भाऊजी. मला एक सांगा, तिकडे शनिवारचा खेळ अजून होतो का?"

"होतो तर. का बरं?"

"ते नंतर गेलेच नाहीत हो कधी. मी पुष्कळदा म्हटलं, सभेला नका जाऊ, पण खेळ तरी बघून या. शनिवारी तेवढे दोन घास जास्त जायचे त्यांच्या पोटात. तर म्हणायचे, सदूला वाटेल मी मुद्दाम खिजवायला आलो." त्यांनी ओटीकडे बोट दाखविले. "दर शनिवारी शाळेतून आले की पगडी उतरवायचे नाहीत. तशीच डोक्यावर ठेवून ओटीवर बसायचे. गाडीची शिटी झाली, गाडी गेली, की मग आत येऊन काढून ठेवायचे. दोन वर्षं, भाऊजी. एक शनिवार चुकला नाही."

मला रडू आले. वहिनींसमोर आले, ते बरे झाले. निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही तरी जाऊन बघा एकदा. चांगला असतो म्हणे खेळ."

त्यानंतर तीन शनिवार गेले. माझ्या घरापासून मैदान दोनशे पावलांवर आहे. दर वेळी जेवून उठतो, पगडी घालतो, जोडा पायात सरकवतो आणि ओटीवर येऊन बसतो. काल फार मोठ्याने टाळ्या झाल्या. कुणीतरी चांगला झेल घेतला असावा. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो होतो.